आवाज नेमका कुठून येतो?

काही वर्षांपूर्वी एका शाळेच्या सभागृहात आमच्या एका ज्येष्ठ सरांचा निरोप समारंभ होता. छत्तीस वर्षं मराठी शिकवलेला माणूस शेवटचं बोलायला उभा राहिला. सभागृह नवं, फरशी गुळगुळीत, भिंती कोऱ्या, वर पत्रा. पुढे दोन बॉक्स, मागे दोन बॉक्स आणि मंचाच्या डोक्यावर आडवे बसवलेले दोन लांबुळके कॉलम. आवाज इतका मोठा की खुर्चीला हात लावला तर कंप जाणवावा. आणि तरीही सर काय बोलत होते ते सातव्या ओळीच्या पुढे कुणालाही कळलं नाही. शब्द एकमेकांच्या अंगावर कोसळत होते. लोकांनी अदब म्हणून टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी मी सरांच्या घरी गेलो आणि भाषणाचा कागद मागून घेतला. सर हसून म्हणाले, "अरे, तू तर तिसऱ्या रांगेत होतास ना?"

साउंडवाल्याचं म्हणणं होतं की अजून दोन बॉक्स लावायला हवे होते. मला ते पटलं नाही, कारण लहानपणी आमच्या मोहल्ल्यातल्या एका रेडिओ दुरुस्तीवाल्या चाचांनी मला याच्या उलट धडा दिला होता. तो धडा पुढे सांगतोच. पण त्या समारंभानंतर मी या विषयाचं वाचन सुरू केलं आणि लक्षात आलं की "आवाज कुठून येतो?" या साध्या प्रश्नाला फार मोठा इतिहास आहे. त्यात वेरूळची लेणी आहेत, मशिदीचा मेहराब आहे, लंडनचा एक तरुण इंजिनिअर आहे आणि मुंबईच्या मिनर्व्हा टॉकीजमध्ये खाली पडलेलं एक नाणंही आहे.

सुरुवात आपल्या छत्रपती संभाजीनगरजवळूनच करू. वेरूळचं दहा नंबरचं लेणं सगळ्यांनी पाहिलेलं असतं. विश्वकर्मा लेणं, लोकांच्या तोंडी "सुतार की झोपडी". सातव्या शतकाच्या आसपासचा हा बौद्ध चैत्य. छत कमानीसारखं वळलेलं आणि त्यावर लाकडी वाशांची हुबेहूब नक्कल करणाऱ्या दगडी फासळ्या. शाळेची सहल घेऊन गेलो की मुलं तिथे हमखास एक सूर लावतात. सूर थांबला तरी लेणं गात राहतं. पाली किंवा संस्कृत पठणासाठी, संथ, लांबवलेल्या स्वरांसाठी ही जागा अप्रतिम. पण तिथेच एखाद्याला भरभर भाषण करायला सांगा, एक वाक्य धड कळणार नाही. जागा वाईट नाही, तिचं काम वेगळं आहे. बीबी का मकबऱ्यात वरून कबरीकडे पाहताना कुणी बोललं की तो आवाज घुमटाखाली फिरत राहतो आणि बोलणारा कोणत्या बाजूला उभा आहे ते ओळखू येत नाही. तिथेही तेच.

घुमटांच्या या खोडीचा दख्खनमधला सर्वांत मोठा नमुना विजापूरचा गोलघुमट. मुहम्मद आदिलशाहाची ही कबर १६५६ च्या सुमारास झाली. वरच्या सज्जात एका टोकाला भिंतीशी कुजबुजलं की समोरच्या टोकाला, जवळजवळ सव्वाशे फुटांवर, ते कानाशी बोलल्यासारखं ऐकू येतं. आवाज मधली पोकळी ओलांडून येत नाही, तो वळणदार भिंतीला धरून सरकत जातो. लंडनच्या सेंट पॉल चर्चमधल्या अशाच सज्जाचं स्पष्टीकरण लॉर्ड रॅले यांनी दिलं होतं आणि आपल्या सी. व्ही. रामन यांनीही विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकात अशा घुमटांचा अभ्यास केला. म्हणजे बोलणारा एकीकडे आणि आवाज दुसरीकडून, हा अनुभव यंत्रांच्या कितीतरी आधीचा आहे.

मशिदीत हा प्रश्न रोजचा होता. नमाजच्या वेळी इमाम जमातीकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून उभा असतो. पाठमोऱ्या माणसाचा आवाज मागे पोचायला हवा. भिंतीतला कमानदार मेहराब मुळात दिशा दाखवणारा, पण त्याची पोकळी आवाज परतवून मागे धाडते हेही खरं. आणि जिथे तोही पुरत नसे तिथे मुकब्बिर असे. मधल्या एखाद्या रांगेत उभा राहून तो इमामाची तकबीर मोठ्याने पुन्हा उच्चारायचा, की ती मागच्या रांगांना कळावी. मलिक अंबरच्या काळात उभ्या राहिलेल्या आणि औरंगजेबाच्या काळात वाढवलेल्या आपल्या जामा मशिदीसारख्या खांबाखांबांच्या, लांबच लांब जागेत हे किती गरजेचं असेल याची कल्पना करा. मुकब्बिर म्हणजे हाडामांसाचा ध्वनिवर्धकच. फरक इतकाच की तो कधीही मूळ आवाजाच्या आधी बोलत नसे. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी ती आपल्या कामाला येणार आहे.

विसाव्या शतकात भोंगा आला तेव्हा उर्दूतल्या धार्मिक चर्चांमध्ये एक गमतीदार प्रश्न वर्षानुवर्षं घोळत राहिला. यंत्रातून येतो तो आवाज इमामाचा स्वतःचाच मानायचा, की त्याची प्रतिध्वनीसारखी नक्कल? त्यावर नमाज चालते का? पुढे बहुतेक ठिकाणी हा वाद मिटला. आज तो वाचताना काहींना हसू येतं. मला येत नाही. कारण याच सुमारास युरोप-अमेरिकेतले इंजिनिअर जवळपास हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारत होते. पेटीतून आलेल्या आवाजाला माणसाची जागा कशी द्यायची?

त्याचं पहिलं उत्तर अपघातानेच मिळालं. १८८१ साली पॅरिसच्या वीज प्रदर्शनात क्लेमाँ आदेर यांनी ऑपेराच्या मंचावर टेलिफोनचे मायक्रोफोन मांडले आणि प्रदर्शनात आलेल्या लोकांच्या दोन कानांना दोन वेगळे रिसीव्हर दिले. ऐकणारे चकित झाले. गायक डावीकडून उजवीकडे चालत गेला की आवाजही चालत जात होता.

हे का घडतं, याचा नीट उलगडा लॉर्ड रॅले यांनी १९०७ मध्ये केला. आवाज उजवीकडून आला तर तो उजव्या कानाला आधी पोचतो, डाव्याला किंचित उशिरा. हा उशीर जास्तीत जास्त किती? एका सेकंदाचे हजार भाग केले तर त्यातल्या एका भागाचा जेमतेम दोन-तृतीयांश. खर्जातल्या आवाजाची दिशा मेंदू या वेळेच्या फरकावरून ओळखतो. बारीक, टिपेच्या आवाजाला मात्र डोकं आड येतं, त्याची सावली पडते आणि पलीकडच्या कानाला तो मंद ऐकू येतो. तिथे मेंदू कमी-जास्तपणावरून दिशा ठरवतो.

आता १९३१ साल. १४ मार्चला मुंबईच्या मॅजेस्टिक टॉकीजमध्ये 'आलम आरा' लागला आणि आपला पडदा बोलू लागला. पुढच्याच वर्षी प्रभातचा 'अयोध्येचा राजा' मराठीत बोलला. लोक वेडे झाले होते, पण सगळा आवाज पडद्यामागच्या एकाच जागेवरून यायचा. नट डावीकडे असो की उजवीकडे, बोलायचा मधूनच. त्याच वर्षी लंडनमध्ये अॅलन ब्लमलाइन नावाचा अठ्ठावीस वर्षांचा इंजिनिअर होणाऱ्या बायकोबरोबर सिनेमाला गेला आणि त्याला हीच गोष्ट खटकली, अशी आठवण सांगतात. माणूस पडद्याच्या एका टोकाला आणि त्याचा आवाज भलतीकडे! ब्लमलाइन नुसता कुरकुरत बसला नाही. १४ डिसेंबर १९३१ रोजी त्याने पेटंटचा अर्ज केला. दोन मायक्रोफोन कसे ठेवायचे, तबकडीच्या एकाच खाचेच्या दोन उतारांवर दोन वेगळे आवाज कसे कोरायचे, ते दोन स्पीकरमधून वाजवल्यावर ऐकणाऱ्याला मधल्या रिकाम्या जागेत माणूस कसा "दिसेल", हे सगळं त्यात होतं. १९४२ मध्ये रडारच्या चाचणीसाठी निघालेलं विमान कोसळून तो गेला. वय अडतीस. बाजारात स्टीरिओ तबकड्या आल्या त्या १९५७-५८ मध्ये. त्याची कल्पना घराघरात पोचलेली त्याला पाहता आली नाही.

अमेरिकेत बेल प्रयोगशाळेने हाच प्रश्न मोठ्या दालनासाठी सोडवला. २७ एप्रिल १९३३ ला फिलाडेल्फियात वाद्यवृंद वाजत होता आणि वॉशिंग्टनच्या सभागृहात रिकाम्या मंचावर तीन स्पीकर ठेवले होते. तीन मायक्रोफोन, तीन तारा, तीन स्पीकर. लिओपोल्ड स्टोकोव्स्की वॉशिंग्टनमध्ये बसून आवाजाचं नियंत्रण करत होते. दोनऐवजी तीन का? कारण दालन रुंद असलं आणि कडेला दोनच स्पीकर असले तर मध्ये खड्डा पडतो. मधल्या स्पीकरने तो भरून निघतो.

आपल्याकडे हा सगळा खटाटोप सामान्य माणसाच्या कानावर पडला तो १५ ऑगस्ट १९७५ ला प्रदर्शित झालेल्या 'शोले'मुळे. लॅमिंग्टन रोडच्या मिनर्व्हात तो पाच वर्षांहून अधिक काळ चालला. ७० मि.मी.चा पडदा आणि सहा पट्ट्यांचा चुंबकीय स्टीरिओ आवाज. पडद्यामागे डावीकडून उजवीकडे पाच जागा आणि सहावी पट्टी प्रेक्षकांच्या भोवतीच्या स्पीकरसाठी. जय नाणं उडवतो, ते खणखणत पडतं, तेव्हा थिएटरातले लोक वाकून खुर्चीखाली नाणं शोधायचे, ही आठवण आजही जुने मुंबईकर सांगतात. त्यात मीठमसाला किती ते अल्लाह जाणे. पण आवाजाला खरोखर जागा मिळाली होती, एवढं त्यातून कळतं. लहान शहरांत हाच सिनेमा ३५ मि.मी.च्या प्रिंटवर, एकाच पट्टीच्या आवाजात पाहिला गेला. आमच्या वडिलांच्या पिढीने 'शोले' पाठ केला, पण नाणं शोधायला कुणी वाकलं नाही.

आवाजाच्या बाबतीत आमचं शहर मागास होतं असं मात्र नाही. स्वातंत्र्याच्या वेळी देशातल्या संस्थानांमध्ये मिळून पाच रेडिओ केंद्रं होती आणि निजामाच्या राज्यात हैदराबादच्या जोडीला औरंगाबादला एक होतं. पण रेडिओ म्हणजे एक पेटी, एक आवाज. स्टीरिओ आमच्या घरी आला तो १९९१-९२ च्या सुमारास, जेद्दाहून आलेल्या मामूंच्या सामानातून. मधे डेक, बाजूला सुटे होणारे दोन बॉक्स. अम्मीने कौतुकाने ते शोकेसमध्ये ठेवले, एक वरच्या फळीवर काचेच्या बरण्यांशेजारी, दुसरा खालच्या फळीवर भिंतीला टेकवून. गझल लावली. मामू म्हणाले, "तिकडे तर फार छान वाजायचा!" आमच्याकडे मात्र गाणारा शोकेसमध्ये कोंडल्यासारखा वाटत होता आणि खर्ज गायबच.

शेवटी चाचांना बोलावलं. ते आले, बॉक्स पाहिले, आधी मागची तार पाहिली आणि म्हणाले, "पहले वायर देखो, फिर डब्बे को गालियां दो." एका बॉक्सच्या लाल-काळ्या तारा उलट लागल्या होत्या. म्हणजे एका स्पीकरचा पडदा पुढे येत असताना दुसऱ्याचा मागे जात होता. एकाने हवा दाबायची, दुसऱ्याने ओढायची. अशा वेळी खर्ज एकमेकांना खाऊन टाकतो आणि मधलं चित्र विस्कटतं. तारा सरळ केल्यावर त्यांनी दोन्ही बॉक्स शोकेसमधून काढून दोन स्टुलांवर ठेवले, कानाच्या उंचीला, भिंतीपासून हातभर पुढे. मग मला दोन्हींपासून सारख्या अंतरावर सतरंजीवर बसवलं. गाणारा समोरच्या रिकाम्या भिंतीपाशी येऊन बसला. तबला त्याच्या उजवीकडे. मी उठून तिथे हात लावून पाहिलं होतं, हे मला आजही आठवतं.

चाचांनी जे हाताने केलं त्याची कारणं मला खूप नंतर वाचायला मिळाली. आज आपण वापरतो तसला कागदी शंकूचा स्पीकर राइस आणि केलॉग यांनी १९२५ मध्ये मांडला. शंकू पुढे आला की पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. दोन्ही मिळाल्या तर खर्ज नाहीसा होतो. म्हणून त्याला फळी हवी, पेटी हवी. पेटी नुसतं कव्हर नाही, ती निम्मा स्पीकर आहे. १९५४ मध्ये एडगर व्हिलचर यांनी बंद पेटीतली हवाच स्प्रिंगसारखी वापरली आणि लहान पेटीतून भरदार खर्ज काढून दाखवला. मोठा शंकू टिपेचा आवाज टॉर्चच्या झोतासारखा सरळ फेकतो, बाजूला बसलेल्याला तो मिळत नाही, म्हणून बारीक आवाजासाठी वेगळा छोटा ट्वीटर. तो मोठ्या शंकूच्या वर, एका उभ्या रेषेत असतो, कारण शेजारी बसवला तर डावी-उजवीकडची दिशा बिघडते. पेटीच्या धारदार कडांवरूनही आवाज पुन्हा उसळतो. हॅरी ओल्सन यांनी १९५१ मध्ये निरनिराळ्या आकारांच्या पेट्या तपासल्या तेव्हा गोल पेटी सर्वांत सरस ठरली.

पण चांगली पेटी वाईट जागी ठेवली तर व्यर्थ. भिंतीला टेकवली की खर्ज फुगतो, कोपऱ्यात ठेवली की आणखी फुगतो आणि शब्द झाकोळतात. दोन्ही बॉक्स आणि ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण झाला तर चित्र सर्वांत नीट उमटतं. आणि हे चित्र किती नाजूक? अशा त्रिकोणात तुम्ही वीतभर बाजूला सरकलात तर एक बॉक्स तुम्हाला दुसऱ्यापेक्षा साधारण वीतभर जवळ होतो. वीतभर अंतर कापायला आवाजाला लागणारा वेळ म्हणजे जवळपास तोच, एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंतचा उशीर. म्हणून वीतभर सरकलं की गाणारा उठून जवळच्या बॉक्समध्ये जाऊन बसतो.

यामागचा नियम १९४९ मध्ये हेल्मुट हास या जर्मन संशोधकाने आपल्या प्रबंधात प्रयोगांनी दाखवला. तोच आवाज दोन ठिकाणांहून किंचित पुढेमागे आला तर मेंदू जो आधी पोचतो त्याचीच दिशा मानतो, मागाहून आलेला थोडा मोठा असला तरीही. पण मागाहून येणारा फार उशीर करू लागला, हजारातले चाळीस-पन्नास भाग ओलांडू लागला, तर तो वेगळा ऐकू येतो आणि पुढच्या शब्दावर जाऊन आदळतो.

आता आमच्या सरांच्या सभागृहात परत या. सभागृह साधारण ऐंशी फूट लांब. आवाज सेकंदाला सुमारे ११२५ फूट जातो, म्हणजे पुढून मागे पोचायला सेकंदाचा चौदावा भाग, हजारातले सत्तर. वीज मात्र तारेतून तत्काळ पोचते. म्हणून मागच्या रांगेला सरांचा शब्द आधी पाठीमागून ऐकू येत होता आणि मग समोरून, इतक्या उशिरा की तो पुढच्या शब्दात मिसळत होता. समोर माणूस दिसतोय आणि आवाज पाठीतून! मागचे बॉक्स म्हणजे इमामाच्या आधीच तकबीर म्हणणारा मुकब्बिर झाले होते. उभे कॉलम आडवे बसवल्यामुळे त्यांचा आवाज लोकांवर रुंद पसरण्याऐवजी वरखाली, पत्रा आणि फरशीवर पसरत होता. उरलेलं काम कोऱ्या भिंतींनी केलं.

या शेवटच्या दुखण्यावर १८९५ पासून इलाज माहीत आहे. हार्वर्डच्या एका नव्या व्याख्यानगृहात शब्द कळेना, तेव्हा वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाने रात्रीच्या शांततेत शेजारच्या थिएटरातल्या खुर्च्यांच्या गाद्या आणून मांडल्या, ऑर्गनची नळी वाजवली आणि घड्याळ लावून घुमणं किती वेळ टिकतं ते मोजलं. रिकाम्या खोलीत साडेपाच सेकंद! गाद्या वाढवल्या तसा वेळ कमी होत गेला. त्यातूनच दालनांच्या ध्वनीचं शास्त्र उभं राहिलं. मुंबईचं टाटा थिएटर १९८० मध्ये सुरू झालं ते याच शास्त्राच्या आधारावर. सिरिल हॅरिस यांनी त्याची आखणी अशी केली की हजार माणसांना सतारीचा आवाज यंत्राशिवाय पोचावा.

आमच्याकडे टाटा थिएटरचा पैसा नव्हता. पुढच्या वर्षी स्नेहसंमेलनाच्या आदल्या दिवशी मी आणि आठवीतली चार पोरं शिडी घेऊन सभागृहात गेलो. मागचे दोन बॉक्स बंद केले. कॉलम उभे करून मंचाच्या दोन्ही कडांना, माइकच्या थोडे पुढे, मागच्या रांगांकडे किंचित झुकवून लावले. एकाच्या तारा उलट होत्या, त्या बदलल्या. मागच्या भिंतीवर मंचाचे जुने जाड पडदे टांगले, पुढच्या मुलांसाठी फरशीवर सतरंज्या अंथरल्या आणि आवाज निम्म्यावर आणला. साउंडवाला नाराज झाला. एवढ्याशा आवाजात काय होणार, असं म्हणत तो मागे जाऊन उभा राहिला.

पाहुणे म्हणून आम्ही त्याच सरांना बोलावलं होतं. ते दहा मिनिटं बोलले. शेवटच्या रांगेत बसलेल्या एका मुलीच्या आजी मध्येच हसल्या, कारण सरांनी विनोद केला होता आणि तो त्यांना कळला होता.